दोषी प्रथिन सापडले, मग औषधाला इतकी वर्षे का लागतात?

प्रश्न असा आहे: "माझ्या मामांना केनेडी आजार (स्नायू हळूहळू झिजवणारा अनुवंशिक आजार) आहे. त्याचे जनुक १९९१ मध्येच सापडले, असे वाचले. कोणते प्रथिन घात करते हे तीस वर्षांहून अधिक काळ माहीत असताना अजून खात्रीचे औषध का नाही? अशाच दुसऱ्या आजारांवर जनुकाचा आवाज बंद करणारी औषधे आली आहेत, ती मामांना का देता येत नाहीत? आणि मला स्वतःला किती धोका आहे?"

दोषी प्रथिन कळणे ही फक्त सुरुवात असते. पुढे तीन गोष्टी जमाव्या लागतात. ते प्रथिन नेमके कोणत्या अवयवात घात करते हे कळले पाहिजे. तिथपर्यंत औषध पोहोचले पाहिजे. आणि औषध लागू पडते आहे की नाही हे स्नायू झिजून जाण्याआधी सांगणारे मोजमाप हाती असले पाहिजे. अनुवंशिक मज्जातंतू आणि स्नायूंच्या आजारांत मी बरीच वर्षे काम करतो आहे. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ या तिसऱ्या गोष्टीने खाल्ला आहे, आणि तिच्याबद्दलच सर्वांत कमी बोलले जाते.

आधी या आजारांचे मूळ पाहू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती ठरावीक पद्धतीने दुमडली की तिला आकार येतो आणि त्या आकारावर तिचे काम चालते. जनुकातल्या दोषामुळे साखळीतला एखादा दुवा बदलला, किंवा एकच दुवा गरजेपेक्षा जास्त वेळा आला, तर घडी नीट बसत नाही. केनेडी आजारात दोष असतो एक्स गुणसूत्रावरच्या अँड्रोजेन रिसेप्टरच्या (टेस्टोस्टेरॉन ज्याला चिकटते त्या प्रथिनाच्या) जनुकात. त्यात सीएजी ही तीन अक्षरे ओळीने अनेकदा येतात. साधारण ३६ पर्यंत आली तर काही बिघडत नाही, ३८ किंवा जास्त झाली की आजार होतो. प्रत्येक सीएजीमागे प्रथिनात ग्लुटामिन नावाचे एक अमिनो आम्ल वाढते आणि या लांबलेल्या शेपटामुळे प्रथिन वाकडे दुमडते. हंटिंग्टन या मेंदूच्या अनुवंशिक आजाराचे जनुक १९९३ मध्ये सापडले, तिथेही हीच अक्षरे वाढलेली निघाली. पण या प्रकारचा पहिला शोध केनेडी आजाराचाच होता.

अशा प्रथिनाचा दोष काम न करण्यात नसून घातक वागण्यात असतो. याचा स्वच्छ पुरावा एसओडी१ या जनुकाने दिला. त्यातल्या दोषांमुळे एएलएस (हालचाल चालवणाऱ्या चेतापेशी मरून स्नायू लुळे पडत जाणारा आजार) होतो, हेही १९९३ मध्येच कळले. उंदरांतून हे जनुक पूर्ण काढून टाकले तर त्यांना एएलएस होत नाही. पण माणसाचे दोषी एसओडी१ जनुक त्यांच्यात घातले की त्यांचे पाय लुळे पडतात. म्हणजे चेतापेशी मरतात त्या प्रथिनाच्या उणिवेने नव्हे, त्याच्या विषारीपणाने.

उपचारांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारात एक प्रथिन कमी पडते, म्हणून ते वाढवणारी औषधे बनवता आली आणि त्यातले पहिले, न्युसिनर्सेन, डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झाले. बातम्यांत हे यश वाचून अनेक घरांतून विचारणा होते की आमच्या आजारातही चांगले जनुक का घालत नाही. विषारी प्रथिनाच्या आजारात चांगले जनुक घालून भागत नाही, कारण वाईट प्रथिन तयार होतच राहते. ते आधी थांबवावे लागते. घशाचे आणि पापण्यांचे स्नायू दुबळे करणाऱ्या ओपीएमडी या आजारासाठी तर दोन्ही एकदम करण्याचा प्रयत्न चालू आहे: दोषी जनुक गप्प करायचे आणि त्याच इंजेक्शनातून त्याची निर्दोष प्रत द्यायची. तिथले प्रथिन पेशीला इतके गरजेचे आहे की नुसते काढून चालणार नाही.

आता साहजिक वाटणारा मार्ग घेऊ. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींत प्रथिनांच्या गुठळ्या दिसतात, मग त्याच विरघळवाव्यात. या मार्गावर खूप वर्षे आणि खूप पैसा गेला. पण गुठळी हीच मारेकरी आहे हे गृहीत धरणे चुकीचे होते. २००४ मध्ये हंटिंग्टनच्या प्रथिनावर एक प्रयोग झाला, त्यात एकेका चेतापेशीवर दिवसेंदिवस नजर ठेवली गेली. गुठळी बनलेल्या पेशी गुठळी न बनलेल्या पेशींपेक्षा जास्त जगल्या. सुटे फिरणारे वाकडे प्रथिन जास्त घातक असावे आणि पेशी ते गोळा करून बाजूला ठेवत असावी, असा त्याचा अर्थ लावला जातो. चुकीची घडी सुधारणारी शॅपरोन प्रथिने पेशीत असतात. त्यांना चेतवणारे अ‍ॅरिमोक्लोमोल हे औषध एएलएसच्या मोठ्या चाचणीत निष्प्रभ ठरले. उंदरांवरच्या यशावर किती विसंबावे, हा प्रश्नही इथेच येतो. मिनोसायक्लिन हे जुने प्रतिजैविक एएलएसच्या उंदरांना उपयोगी वाटले होते. २००७ मध्ये ४१२ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला, तेव्हा औषध घेणाऱ्यांची घसरण उलट २५ टक्के जास्त वेगाने झाल्याचे दिसले. घात सुरू झाल्यानंतरच्या साखळीत कुठेतरी हस्तक्षेप करणाऱ्या औषधांबद्दल मी तेव्हापासून सावध आहे. प्रथिन जिथे तयार होते तिथेच त्याला अडवणे, याच मार्गाने आतापर्यंत खरे फळ दिले आहे.

ते फळ सर्वांत आधी ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिसमध्ये मिळाले. तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या आजाराच्या इतिहासात आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो.

१९५२ मध्ये कोरिनो आंद्राद या पोर्तुगीज डॉक्टरांनी पोर्तुगालच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कोळी कुटुंबांतला एक आजार लिहून ठेवला. तरुण वयात पायांची संवेदना जायची, मग जुलाब, वजन घटणे, नपुंसकता, चालणे बंद, आणि दहा-बारा वर्षांत मृत्यू. ट्रान्सथायरेटिन हे रक्तातले प्रथिन थायरॉइडचे संप्रेरक आणि अ जीवनसत्त्व वाहून नेते. त्याचे चार सारखे भाग एकत्र बसलेले असतात. जनुकातल्या दोषामुळे ही चौकडी सुटते, सुटे झालेले भाग वाकडे दुमडतात आणि तंतू बनून नसांत आणि हृदयात साचतात.

हे प्रथिन जवळजवळ सगळे यकृतात तयार होते, ही या आजारातली नशिबाची बाजू. म्हणून १९९० मध्ये स्वीडनमध्ये या रुग्णांवर यकृत प्रत्यारोपण सुरू झाले. दोषी प्रथिनाचा कारखानाच बदलला, आणि लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुष्य वाढले. पण त्याने आणखी दोन गोष्टी शिकवल्या. काहींच्या हृदयात तंतू साचतच राहिले, कारण एकदा थर बसला की निर्दोष ट्रान्सथायरेटिनही त्यावर जमते. आणि डोळ्यांतले व मेंदूच्या आवरणांतले साचणे थांबले नाही, कारण डोळा आणि मेंदू आपापले ट्रान्सथायरेटिन स्वतः बनवतात. कोणता अवयव हे प्रथिन बनवतो आणि कोणता ते भोगतो, हा हिशोब प्रत्येक आजारात वेगळा मांडावा लागतो.

दुसरा धागा थेट कुटुंबांतून हाती आला. काही पोर्तुगीज घरांत दोषी जनुक असूनही काही जण निरोगी राहत होते. त्यांच्या दुसऱ्या प्रतीत टी११९एम नावाचा वेगळा बदल होता आणि त्यामुळे ती चौकडी घट्ट राहत होती. म्हणजे चौकडी सुटू दिली नाही तर आजार थांबतो, हे निसर्गानेच दाखवून दिले होते. जेफ्री केली या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने हेच काम करणारा रेणू शोधला. तो टाफामिडिस, आणि युरोपात त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. डायफ्लुनिसल ही सांधेदुखीची जुनी गोळीही चौकडी घट्ट धरते आणि नसांची घसरण मंदावते, हे १३० रुग्णांच्या दोन वर्षांच्या चाचणीने २०१३ मध्ये सिद्ध केले.

मग जनुकाचा आवाज बंद करणारी औषधे आली. जनुकावरून प्रथिन बनवताना पेशी आधी त्याची आरएनए नावाची प्रत काढते. ही प्रतच नष्ट केली तर प्रथिन बनत नाही. पॅटिसिरान हे आरएनए हस्तक्षेपाच्या तत्त्वावरचे जगातले पहिले मान्यताप्राप्त औषध ऑगस्ट २०१८ मध्ये आले. २२५ रुग्णांच्या १८ महिन्यांच्या चाचणीत रक्तातले ट्रान्सथायरेटिन सुमारे ८० टक्क्यांनी घटले. नसांची तपासणी करून दिलेला गुणांक औषध घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के लोकांत सुरुवातीपेक्षा सुधारला, दुसऱ्या गटात फक्त ४ टक्के लोकांत. ज्या आजारात आम्ही फक्त घसरण मोजत आलो होतो, त्यात सुधारणा दिसली! पुढे तीन महिन्यांतून एकदा त्वचेखाली टोचायचे वुट्रिसिरान २०२२ मध्ये आले. त्याआधी, २०२१ मध्ये, शरीराच्या आतच जनुक कापणाऱ्या क्रिस्पर उपचाराचे सहा रुग्णांवरचे पहिले निकालही याच आजारातून आले.

हे सगळे याच आजारात का जमले? यकृतापर्यंत औषध पोहोचवणे तुलनेने सोपे आहे. प्रथिन रक्तात मोजता येते, त्यामुळे मात्रा पुरेशी आहे की नाही हे काही आठवड्यांत कळते. वर्षानुवर्षे वाट पाहून, शेवटी निकाल वाईट आल्यावर मात्राच कमी होती का असे विचारत बसावे लागत नाही. पण धोका इथेही होता. रेव्हुसिरान या त्याच कुळातल्या औषधाची चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले.

आता एसओडी१. इथे प्रथिन मज्जारज्जूतल्या चेतापेशींत तयार होते आणि तिथेच घात करते. रक्तातून दिलेले औषध तिथे पोहोचत नाही, म्हणून एसओडी१ची आरएनए प्रत नष्ट करणारे टोफर्सेन हे औषध कंबरेतून सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात द्यावे लागते: पहिले तीन डोस दोन-दोन आठवड्यांनी, नंतर दर चार आठवड्यांनी. १०८ रुग्णांच्या २८ आठवड्यांच्या चाचणीत मुख्य निकष गाठला गेला नाही. हालचाल, बोलणे, गिळणे, श्वास यांच्या गुणांकात दोन गटांतला फरक सिद्ध झाला नाही. जुन्या पद्धतीने पाहिले तर औषध तिथेच संपले असते.

ते वाचले एका मोजमापामुळे. चेतापेशी तुटताना न्यूरोफिलामेंट नावाचे प्रथिन रक्तात सांडते. वेगाने घसरणाऱ्या रुग्णांत टोफर्सेननंतर ते सुमारे ६० टक्क्यांनी खाली आले, प्लासिबो (औषध नसलेला, सारखाच दिसणारा डोस) घेणाऱ्यांत मात्र वाढले. पेशींचे तुटणे थांबत होते, पण उरलेल्या पेशींना त्याचा फायदा दाखवायला २८ आठवडे अपुरे होते. पुढे सगळ्यांना औषध देऊन वर्षापर्यंत पाहिले, तेव्हा आधी सुरू केलेल्यांची घसरण उशिरा सुरू केलेल्यांपेक्षा कमी होती. एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मुख्यतः न्यूरोफिलामेंटच्या आधारावर त्वरित मान्यता दिली. हा निर्णय योग्य होता असे मला ठामपणे वाटते, पण औषध निरुपद्रवी नाही. मज्जारज्जूचा दाह आणि डोक्यातला दाब वाढणे हे त्याचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. आता दोषी जनुक आहे पण लक्षणे नाहीत अशा लोकांचे न्यूरोफिलामेंट नियमित तपासायचे आणि ते चढू लागताच औषध सुरू करायचे, अशीही चाचणी चालू आहे. या क्षेत्रातली सर्वांत महत्त्वाची चाचणी मी हीच मानतो, कारण मेलेली चेतापेशी कोणतेही औषध परत आणू शकत नाही.

प्रथिन कमी केले की रुग्ण बरा होतोच, असेही नाही. हंटिंग्टनमध्ये टोमिनर्सेन हे अशाच पद्धतीचे औषध होते. २०२१ मध्ये त्याची मोठी चाचणी थांबवली गेली, आणि जास्त वेळा डोस घेतलेल्यांची अवस्था प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा वाईट निघाली.

आता मामांचा आजार. केनेडी आजारात दोषी प्रथिन टेस्टोस्टेरॉन चिकटल्यावरच विषारी होते. म्हणून आजार पुरुषांना होतो. स्त्रियांत, अगदी दोन्ही प्रती दोषी असल्या तरी, पेटके किंवा स्नायूंची फडफड यापलीकडे सहसा काही होत नाही. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी दोषी जनुकाच्या नर उंदरांचे वृषण काढले, तेव्हा त्यांचा आजार जवळजवळ थांबला. मादी उंदरांना टेस्टोस्टेरॉन दिले, तेव्हा त्या आजारी पडल्या. इतका स्पष्ट धागा फार थोड्या आजारांत मिळतो, आणि आम्हां सगळ्यांना तेव्हा वाटले की औषध हाती आले.

टेस्टोस्टेरॉन घटवणाऱ्या ल्युप्रोरेलिनची जपानमध्ये २०४ रुग्णांवर ४८ आठवडे चाचणी झाली. गिळल्यावर घशात किती उरते हा मुख्य निकष होता. एकूण रुग्णांत फरक सिद्ध झाला नाही, पण आजाराला दहा वर्षे झाली नव्हती त्यांच्यात फायदा दिसला. जपानने २०१७ मध्ये या आजारासाठी ते मंजूर केले, इतर बहुतेक देश थांबून राहिले. टेस्टोस्टेरॉनचे जास्त प्रभावी रूप बनू न देणाऱ्या ड्युटास्टेराइडची अमेरिकेत ५० पुरुषांवर दोन वर्षे चाचणी झाली, तिथेही स्नायूंच्या ताकदीत सिद्ध होईल असा फरक पडला नाही.

का? केनेडी आजार अतिशय संथ आहे. वर्षभरात ताकद थोडीशीच कमी होते, मग औषधाने ती घसरण निम्मी केली तरी शंभर-दोनशे लोकांत ते आकड्यांत दिसत नाही. टोफर्सेनला वाचवणारे न्यूरोफिलामेंट इथे कामाला येत नाही, कारण केनेडी आजारात ते वाढलेलेच नसते. दुसरी अडचण अवयवाची. हा मज्जारज्जूच्या चेतापेशींचा आजार मानला जात होता, पण २०१४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत त्वचेखाली दिलेल्या अँटिसेन्स (आरएनएची प्रत नष्ट करणाऱ्या) औषधाने मज्जारज्जूबाहेरचे, मुख्यतः स्नायूंतले, दोषी प्रथिन कमी झाले, आणि तेवढ्यानेच उंदीर सुधारले. स्नायू नुसता भोगत नसून तो स्वतःही घाताचे ठिकाण आहे, हे त्यातून पुढे आले. हे खरे असेल तर कंबरेत सुई घालण्याची गरज उरणार नाही, आणि म्हणून या दिशेकडे माझे लक्ष आहे. तिसरी अडचण अशी की टेस्टोस्टेरॉन घटवल्यावर हाडे ठिसूळ होतात, लैंगिक इच्छा जाते, थकवा येतो, आणि टेस्टोस्टेरॉन स्नायूंना बळही देत असते ते हातचे जाते.

ट्रान्सथायरेटिनचे किंवा एसओडी१चे औषध मामांना का चालत नाही, तेही आता लक्षात येईल. ही औषधे एकाच जनुकाच्या आरएनएची अक्षरे ओळखतात. अँड्रोजेन रिसेप्टरच्या आरएनएला ती चिकटणारच नाहीत. तंत्र तेच वापरता येईल, पण औषध नव्याने घडवावे लागेल आणि त्याची चाचणी नव्याने करावी लागेल.

त्या चाचणीसाठी मोजमाप तयार करणे हे आजचे खरे काम आहे. मांडीच्या एमआरआयमध्ये स्नायूची जागा चरबीने किती घेतली हे टक्क्यांत मोजता येते, आणि ताकद कमी झाल्याचे हाताला कळण्याआधी ते बदलते. रक्तातले क्रिएटिनिन स्नायू घटले की उतरते, तेही आजाराच्या पायरीशी जुळते. पण ही मोजमापे पक्की व्हायला तेच रुग्ण वर्षानुवर्षे, औषध नसतानाही, तपासणीला येत राहावे लागतात. "औषध नाही तर येऊन काय करू?" असे रुग्ण विचारतात तेव्हा मी हेच सांगतो.

आता तुमच्यासाठी. मामांना दोष मिळाला तो जवळजवळ नक्की तुमच्या आजीकडून. तुमची आई वाहक असण्याची शक्यता निम्मी, आणि ती वाहक असेल तर तुम्हाला दोष मिळण्याची शक्यता पुन्हा निम्मी. म्हणजे तुम्ही पुरुष असाल तर आज तुमचा धोका चारात एक आहे. आईची तपासणी झाली आणि दोष नसेल, तर तुमचा प्रश्न तिथेच मिटतो. मामांच्या मुलांना हा आजार येणार नाही, कारण मुलाला वडिलांकडून वाय गुणसूत्र मिळते. त्यांच्या मुली मात्र सगळ्या वाहक असतील. तपासणी करायची की नाही हे जनुकीय समुपदेशकाशी बोलून ठरवा, आणि आईवर दबाव आणू नका. तो निर्णय तिचाही आहे.

मामांच्या बाबतीत मी पाच गोष्टी सांगेन. निदान जनुक तपासणीने झालेले नसेल तर ती करून घ्या, कारण या आजाराला एएलएस समजण्याची चूक वारंवार होते आणि दोन्हींचे भवितव्य फार वेगळे आहे. सीएजी किती हा आकडा लिहिलेला मूळ अहवाल जपून ठेवा. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने किंवा ते असलेली ताकद वाढवण्याची उत्पादने न्यूरोलॉजिस्टला विचारल्याशिवाय घेऊ देऊ नका. गिळताना ठसका लागत असेल तर वाट न पाहता गिळण्याची तपासणी करून घ्या, कारण अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हा या आजारातला खरा धोका आहे आणि तो बऱ्याच अंशी टाळता येतो. पैसे घेऊन स्टेम सेल टोचणाऱ्यांपासून दूर राहा. या आजारात त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि असा उपचार घेतलेल्यांना पुढे खऱ्या चाचणीत अनेकदा घेतले जात नाही.

एखाद्या चाचणीचे बोलावणे आले तर तीन प्रश्न विचारा: औषध प्रथिन कुठे कमी करते, ते कमी झाले हे कशावर मोजणार, आणि चाचणी किती काळ चालणार. केनेडी आजारासारख्या संथ आजारात सहा महिन्यांत ताकद वाढल्याचे दाखवू, असे कोणी म्हणत असेल तर मामांना सही करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना तो आराखडा वाचायला द्या.